गुऱ्हाळावर पाच मिनिटांचा माहितीपट: मीडिया विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी कामाचा क्रम

शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात व्यवसाय शिक्षणातून मीडियाचा विषय घेतलेल्या मुलामुलींचे प्रकल्प पाहताना त्याच त्या चुका दिसतात. चित्र बरं असतं, पण बोलणाऱ्याचा आवाज मोटारीच्या घरघरीत बुडालेला. कामातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण टिपलेलाच नाही. अर्धं फुटेज व्हॉट्सॲपवरून आलेलं, म्हणून फुटलेलं. उपकरणं साधी असल्यामुळे हे होत नाही. कॅमेरा आधी निघतो आणि कागद शेवटी, जर्नल पूर्ण करायच्या रात्री, म्हणून होतं.

खाली पूर्ण क्रम दिला आहे. उदाहरण कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळघराचं घेतलंय, कारण तिथे धूर, वाफ, अंधार आणि गोंगाट या सगळ्या अडचणी एकाच छपराखाली भेटतात. तुमच्या गावात गुऱ्हाळ नसेल तर वीटभट्टी, कुंभाराचा आवा, हातमाग, काहीही घ्या. दोन फोन, एक ट्रायपॉड, कपड्याला लावायचा तारेचा लेपल माइक, साधे हेडफोन आणि शाळेतला ८ जीबी रॅमचा संगणक एवढं गृहीत धरलंय. गिंबल (चालताना फोन स्थिर धरणारं यंत्र) मागू नका. पहिल्या प्रकल्पात गिंबल मिळाला की मुलं पाच मिनिटं नुसती चालत राहतात.

## टप्पा १: विषय एका प्रश्नात बसवा

‘गुळाची माहिती’ हा माहितीपटाचा विषय होत नाही, तो निबंधाचा झाला. पाच मिनिटांत एकाच प्रश्नाचं उत्तर मावतं. उदाहरणार्थ: ‘काहिलीतला पाक तयार झाला, हे गुळव्याला कसं कळतं?’ काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, आणि गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर. या प्रश्नात माणूस आहे, त्याचे हात आहेत, आणि उत्तर कळेपर्यंत बघणारा थांबतो.

प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक शॉट घेताना आणि कापताना त्याच्याकडेच बघायचंय. उसाच्या जाती, गुळाचे भाव, सेंद्रिय-रासायनिक वाद, सगळं महत्त्वाचं असेल, पण या फिल्मचं नाही.

तपासा: उत्तर नुसत्या बोलण्यातून मिळतंय की कामातूनही दिसतंय? नुसतं बोलण्यातून मिळत असेल तर प्रश्न बदला.

## टप्पा २: पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय

हा टप्पा गाळला जातो आणि नेमका इथेच प्रकल्प बिघडतो. गुऱ्हाळावर एक पूर्ण आधण, म्हणजे काहिलीतल्या रसाची एक खेप, बसून बघा. रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात (गार करायच्या उथळ हौदात) ओतेपर्यंत साधारण अडीच ते तीन तास जातात. वही आणि घड्याळ घेऊन बसा आणि काय कधी होतं ते लिहा: चरक (ऊस गाळायचं यंत्र) कधी चालू, कधी बंद, भेंडीचं पाणी कधी घातलं, मळी (रसावर येणारा घाण फेस) कधी वर आली आणि किती वेळ काढली, गुळव्याने पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते किती वेळा पाहिलं, काहील कधी उतरवली.

यादी झाली की दोन रंगांनी खुणा करा. मळी काढणं बराच वेळ चालतं, म्हणजे शॉट चुकला तर पुन्हा घेता येतो. काहील उतरवून गूळ वाफ्यात ओतणं एका आधणात एकदाच होतं, तेही पाहता पाहता. ते हुकलं तर पुढच्या आधणापर्यंत तीन तास बसा. जे एकदाच घडतं त्यावर लाल खूण, आणि त्या वेळी दोन्ही फोन तयार हवेत.

याच फेरीत आणखी तीन गोष्टी बघून ठेवा. उजेड कुठून येतो आणि दुपारनंतर कुठे सरकतो. वीज कुठे मिळते, की मिळतच नाही. आणि डोळे मिटून एक मिनिट उभं राहिल्यावर काय काय ऐकू येतं. तिसरी गोष्ट कोणी करत नाही, म्हणून तिच्याबद्दल टप्पा ६ मध्ये सविस्तर लिहिलंय.

हंगाम लक्षात ठेवा. गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या आगेमागे पेटतात, आणि बारावीची प्रात्यक्षिकं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. म्हणजे शूट डिसेंबरच्या आत उरकायला हवं. जानेवारीत सुरुवात केली तर संकलनाला दिवसच उरत नाहीत.

## टप्पा ३: परवानगी आणि सुरक्षितता

‘मामा, जरा व्हिडिओ काढू का?’ ही परवानगी नव्हे. शाळेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र न्या: कोण येणार, कोणत्या दिवशी, कशासाठी, आणि फिल्म कुठे दाखवली जाणार. शाळेत दाखवायला दिलेली परवानगी यूट्यूबसाठी चालत नाही, ते वेगळं विचारा. मालकाची सही घ्या आणि ज्याची मुलाखत आहे त्याचीही घ्या. मालकाने हो म्हटलं म्हणून गुळव्याने हो म्हटलं असं होत नाही. सही करण्याआधी पत्र त्यांना वाचून दाखवा.

गुऱ्हाळावर कामगारांची लहान मुलं असतात. अठरा वर्षांखालच्या कोणाचाही चेहरा पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. चुकून आला तर संकलनात काढा.

इशारा: उतरायला आलेल्या पाकाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर, ११५ अंश सेल्सिअसच्या पुढे असतं, आणि तो कातडीला चिकटतो. काहिलीच्या काठावरून वाकून, फोन हातात धरून ‘टॉप अँगल’ घ्यायचा नाही. ट्रायपॉड कामगारांच्या वाटेत लावायचा नाही. चरकाजवळ ओढणी, मफलर, हेडफोनची लोंबती वायर नको. काहील उतरवताना गुळव्याने दाखवलेल्या रेषेच्या मागेच सगळ्यांनी उभं राहायचं, आणि ती रेषा आधी विचारून घ्यायची.

## टप्पा ४: कामं वाटा, शॉटची यादी करा

ज्याचा फोन चांगला तोच दिग्दर्शक, असा अलिखित नियम बऱ्याच गटांत असतो. तो मोडा. पाच जणांच्या गटात एक दिग्दर्शन आणि प्रश्न, दोघे कॅमेरा, एक आवाज, एक नोंद. संकलन नोंदवाल्याकडे द्या. कोणत्या क्लिपमध्ये काय आहे, हे त्यालाच माहीत असतं.

शॉटची यादी कामाच्या क्रमाने लिहा. गटाला सुचेल त्या क्रमाने लिहिली तर गुऱ्हाळावर तिचा उपयोग होत नाही. प्रत्येक कृतीसाठी किमान चार शॉट धरा: हात, चेहरा, माणूस आणि वस्तू एकत्र, आणि लांबून पूर्ण जागा. मळी काढण्याचं उदाहरण घ्या. झारा धरलेले हात; वाफेतून दिसणारा चेहरा; खांद्यामागून काहील; आणि चुलाण, काहील, माणसं असं सगळं छप्पर. हे चार हाती असले की संकलनात काहीही जोडता येतं. फक्त लांबचे शॉट असले तर काहीच जोडता येत नाही.

एका बाजूने शूट करायचं ठरवलं की तीच बाजू धरा. गुळव्यापासून काहिलीपर्यंत एक काल्पनिक रेषा ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवा. रेषा ओलांडली तर एका शॉटमध्ये तो डावीकडे बघतो, पुढच्यात उजवीकडे, आणि बघणाऱ्याला वाटतं माणसंच दोन आहेत.

## टप्पा ५: आदल्या संध्याकाळची तयारी

फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँकही करा, आणि जागा मोकळी करा. १०८० पी मध्ये एका मिनिटाला सुमारे १०० ते १३० एमबी लागतात. फोनप्रमाणे फरक पडतो. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी पन्नास ते साठ मिनिटांचं फुटेज पुरतं, म्हणजे गटाला ८ जीबी. फोर-केचा मोह धरू नका. शाळेचा संगणक तो ओढणार नाही.

मग सेटिंग्ज. दोन्ही फोनवर सारखी हवीत:

- फोन आडवा. उभा अजिबात नाही.
- १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम. कॅमेरा ॲपमध्ये २५ दिसत नसेल तर अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप टाकून पाहा. फोनच २५ देत नसेल तर दोन्हीकडे ३०.
- शटर (एका फ्रेमसाठी उजेड घ्यायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६० वर राहिलं तर बल्ब आणि ट्यूबच्या उजेडात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ते संकलनात सहज जात नाहीत.
- व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून स्थिर. नाहीतर जाळ भडकला की सगळं छप्पर निळं पडतं.
- डिजिटल झूम बंद. जवळून हवं असेल तर सुरक्षित असेल तिथे स्वतः जवळ जा, नसेल तिथे तो शॉट सोडा.

तपासा: दोन्ही फोनवर ट्यूबलाइटखाली एक मिनिट रेकॉर्ड करा, संगणकावर उघडा, पट्टे आहेत का बघा. फोनच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नाहीत.

## टप्पा ६: आवाज

हलणारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द कळले नाहीत तर उठून जातो. तरी गटात आवाजाचं काम सगळ्यात लाजाळू मुलाला दिलं जातं, जो ‘थांबा, पुन्हा बोला’ म्हणू शकत नाही. उलट करा. ज्याला थांबवायला संकोच वाटत नाही त्याला हेडफोन द्या.

मुलाखत काहिलीशेजारी नको. चित्र छान दिसतं हे खरं, पण चरकाच्या मोटारीचा आवाज बोलण्यावर बसला की कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट वेगळा होत नाही. पहिल्या फेरीत चरक कधी बंद असतो ते लिहिलं होतं ना, ती वेळ धरा. तेही जमलं नाही तर गुळव्याला चिपाडाच्या ढिगाच्या पलीकडे न्या. ढीग मधे आला की मोटारीचा आवाज लक्षणीय कमी होतो. काम चालू असतानाची चित्रं नंतर वरून लावता येतात, बोलणं मात्र स्वच्छ हवं.

माइक लावताना:

1. लेपल माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. उपरणं, जानवं, गळ्यातली माळ त्यावर घासणार नाही असं बघा.
2. तार कॅमेऱ्यापर्यंत पुरत नसेल तर माइक दुसऱ्या फोनला जोडा, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तो फोन त्यांच्या खिशात ठेवा. दोन्ही फोन चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की झालं.
3. माइकवर फोन-कॅमेरा असं बटण असेल तर ते बघा. बोयाच्या एम१ सारख्या शाळांत सर्रास दिसणाऱ्या माइकला ते असतं. बटण चुकीच्या बाजूला राहिलं की आवाज बारीक येतो किंवा येतच नाही.
4. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर. मुलाखतीच्या मध्यात आलेला फोन रेकॉर्डिंग थांबवू शकतो.

तपासा: माइकवर नखाने हलकं खरवडा, मग फोनच्या मागे खरवडा, आणि रेकॉर्डिंग ऐका. मोठा आवाज माइकचा हवा. फोनचा मोठा आला तर माइक लागलेलाच नाही, फोन स्वतःच्याच माइकने ऐकतोय. कितीतरी गट दिवसभर माइक लावून फिरतात आणि संध्याकाळी त्यांना हे कळतं.

पातळी दिसत असेल तर बोलण्याचे उंच ठोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही.

शेवटचं: मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता त्याच जागी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग चरक, मळी काढताना झाऱ्याचा आवाज, जाळाचा तडतडाट, वाफ्यात ओतणं, हे सगळं वेगवेगळं, प्रत्येकी अर्धा मिनिट. बोलण्याच्या कापांमधले खड्डे यानेच भरतात.

## टप्पा ७: शूटचा दिवस

एक दिवसात दोन आधणं धरा. पहिल्यात लांबचे आणि मधले शॉट, दुसऱ्यात हात आणि चेहरे. काहील उतरवणं दोन्ही वेळा घ्या, दोन वेगळ्या जागांवरून. अशा दोन खेपा मिळाल्या की संकलनात ते एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी घेतल्यासारखं दिसतं. माणसं आणि कपडे दोन्ही आधणांत तेच आहेत का, हे मात्र नोंदवाल्याने बघायचं.

सकाळच्या थंडीतून आत गेल्यावर लेन्सवर वाफ धरते. फोन आत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग सुरू करा. दर थोड्या वेळाने लेन्स मऊ कापडाने पुसा. चिकट हातांनी धरलेल्या फोनवर बोटांचे ठसे उठतातच. वाफ आणि जाळ यांच्यात ऑटो फोकस भटकतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा.

प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद. रेकॉर्ड दाबा, मनात पाच मोजा, मगच कृती. संपल्यावर पुन्हा पाच. मुलं दोन-तीन सेकंदांचे तुकडे घेतात आणि मग टाइमलाइनवर प्रत्येकाला स्लो मोशन लावत बसतात.

मुलाखतीत ‘गूळ बनवायला किती वेळ लागतो?’ असं विचारलं तर ‘तीन तास’ एवढंच मिळेल. ‘आधण उतरायला आलं हे तुम्ही कसं ओळखता, ते सांगा ना मामा’ असं विचारा. तुमचा प्रश्न फिल्ममध्ये नसणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची विनंती आधीच करा. ते बोलत असताना ‘हो हो’, ‘अच्छा’ म्हणू नका, मान हलवा. उत्तर संपलं असं वाटल्यावर तीन सेकंद गप्प राहा. खरं सांगण्यासारखं बरेचदा त्या गप्पपणात येतं.

आणि त्यांची भाषा सुधारू नका. ‘आता पाक आलाय बगा’ हेच हवंय. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की माणूस भाषण करायला लागतो.

तपासा: निघण्याआधी लाल खुणांचे सगळे शॉट फोनवर प्रत्यक्ष चालवून पाहा. ‘घेतलेत’ हे उत्तर चालणार नाही.

## टप्पा ८: त्याच संध्याकाळी फाइल उतरवा

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं फुटेज दाबलं जातं आणि परत पूर्ववत होत नाही. केबलने थेट संगणकावर घ्या. केबल नसेल तर निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

एक फोल्डर, त्यात चार: चित्र, मुलाखत, आवाज, कागदपत्रं. फाइलची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग फोन क्रमांक आणि शॉट क्रमांक. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेने लागतात. मग सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा. ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेणार नाही. रिकामा असताना एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

इशारा: दोन ठिकाणी प्रत उतरल्याशिवाय आणि दोन्हीकडून एकेक क्लिप चालवून पाहिल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसायचं नाही.

## टप्पा ९: आधी कागदावर संकलन

सॉफ्टवेअर उघडू नका. मुलाखत ऐकत शब्दशः लिहून काढा, कडेला वेळ टाका. कंटाळवाणं काम आहे, आणि टाळता येत नाही. मग प्रश्नाला धरून असलेली वाक्यं अधोरेखित करा. दोन-अडीच मिनिटांचं बोलणं पुरे. ती चिठ्ठ्यांवर उतरवा, जमिनीवर मांडा, हलवा. प्रत्येक चिठ्ठीखाली त्यावर दिसणाऱ्या चित्राचा क्रमांक लिहा. चित्र नाही अशी चिठ्ठी बाजूला ठेवा.

## टप्पा १०: टाइमलाइन

८ जीबीच्या संगणकावर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर बरी चालतात. डाविंची रिझॉल्व्ह उत्तम आहे, पण त्याला तगडं मशीन लागतं. काहीही घ्या, प्रॉक्सी चालू करा, म्हणजे हलक्या प्रती वापरून काम होतं.

फोनचं फुटेज बरेचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं आणि त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. तसं दिसलं तर मूळ क्लिप हँडब्रेकमधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या आणि मगच कापायला बसा. कापून झाल्यावर कळलं तर सगळं काम पुन्हा.

क्रम असा: आधी फक्त बोलणं लावा. ते ऐकून गोष्ट कळते का बघा. मग चित्रं वर चढवा. मग गुऱ्हाळाचे आवाज खाली भरा. रंग सगळ्यात शेवटी, आणि थोडेच. शॉट बदलताना पुढच्या शॉटचा आवाज क्षणभर आधी येऊ द्या, जोड कळत नाही. पान उलटणं, चक्र फिरणं असले ट्रान्झिशन वापरू नका. साधा काप पुरतो.

संगीत लागेलच असं नाही. चरक आणि जाळ यांच्यासारखं पार्श्वसंगीत फुकट मिळालंय. हवंच असेल तर यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतून घ्या आणि श्रेय लिहायची अट आहे का ते वाचा. सिनेमातलं गाणं लावलं की अपलोडवर हक्काचा दावा येतो.

तपासा: एकदा डोळे मिटून ऐका, एकदा आवाज बंद करून बघा. दोन्ही वेळा प्रश्न आणि उत्तर कळायला हवं.

## टप्पा ११: मराठी अक्षरं

‘गुऱ्हाळ’ हा शब्दच परीक्षा घेतो. काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्ह तुटतो, र खाली हलंत दिसतो किंवा वेलांटी भलत्या जागी जाते. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर नुसती चिन्हं येतात. युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्त फॉन्टपैकी ‘मुक्ता’ पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा. तरीही अक्षरं तुटत असतील तर शीर्षकाचं पारदर्शक पीएनजी चित्र दुसरीकडे बनवून टाइमलाइनवर ठेवा.

गुळव्याचं नाव पडद्यावर टाकण्याआधी त्यांनीच लिहून दिलेल्या नावाशी ताडून पाहा.

## टप्पा १२: एक्सपोर्ट आणि जर्नल

एमपी४, एच.२६४, १०८० पी, शूट केला तोच फ्रेम रेट, १० एमबीपीएस, आवाज ४८ किलोहर्ट्झ. पाच मिनिटांची फाइल पावणेचारशे एमबीच्या आसपास येईल. ती संपादनाच्या संगणकावर पाहून समाधान मानू नका. दुसऱ्या संगणकावर, फोनच्या स्पीकरवर आणि शक्य असेल तर ज्या प्रोजेक्टरवर परीक्षा होणार त्यावर पूर्ण चालवा.

जर्नलमध्ये शोधून आणलेली व्याख्या लिहिण्यापेक्षा पहिल्या फेरीची वही, संमतीपत्रं, खुणा केलेली शॉट यादी, मुलाखतीचं लिखाण आणि चिठ्ठ्यांचा फोटो लावा. तोंडी परीक्षेत ‘हा शॉट इथे का?’ आणि ‘यात तू काय केलंस?’ असे प्रश्न येतात, आणि उत्तरं या कागदांवर असतात. गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या कामाबरोबर शेजाऱ्याचंही काम सांगता येईल इतपत समजून घ्यावं.

गुऱ्हाळमालक आणि गुळव्या यांना पेन ड्राइव्हवर प्रत द्या, आणि ती अपलोड करण्याआधी द्या. काही काढायला सांगितलं तर अजून वेळ असतो. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल निकाल लागेपर्यंत दोन्ही ठिकाणी ठेवा. संगणकावर जागा हवी असेल तर फक्त प्रॉक्सी आणि कॅशे (सॉफ्टवेअरने केलेल्या तात्पुरत्या फाइली) पुसा.